खालचा दोरा

११ जानेवारी

ही वही गिऱ्हाइकांची मापं लिहायला आणली होती. पहिल्या पानावर एका गृहस्थांची कंबर आहे, आणि ती त्या पानात जेमतेम मावली आहे. ते पान तसंच राहू दिलं.

आमची ही गेली त्याला आता दोन महिने होतील. जाण्याआधी हॉस्पिटलात माझा हात धरून म्हणाली, "रोज एक तरी लिहीत जा." काय लिहू? तर म्हणे, "त्याने आपल्यासाठी केलेली एखादी लहानशी गोष्ट. मोठं मागत बसू नका, लहान बघा. तो तिथेच असतो." अशा वेळी वाद घालत नाहीत, म्हणून हो म्हटलं.

तिची स्वतःची ती सवयच होती. झोपताना रोज एक गोष्ट मोठ्याने सांगायची. बस लगेच मिळाली, हरवलेली कात्री सापडली, दूध उतू जाता जाता राहिलं. मी तोंडावर पांघरूण ओढून म्हणायचो, "तुझ्या देवाला दुसरा उद्योग नाही का गं?"

मी त्याच्याकडे सगळ्या संसारात एकच मोठी गोष्ट मागितली. ती त्याला झेपली नाही. आणि आता मी त्याच्या बारीकसारीक कामांची नोंद ठेवायची! पण शब्द दिला आहे. लिहितो.

आज त्याने केलेलं: काही नाही. चहासुद्धा निवला होता.

१५ जानेवारी

आज दुकान उघडलं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मशीन, कापायचं टेबल, इस्त्री, उभा आरसा आणि आता भिंतीवर हिचा फोटो. बाहेर पाटी आहे, 'कपडे दुरुस्त आणि कमीजास्त करून मिळतील.' ही म्हणायची, माणसं कमीजास्त करून मिळाली असती तर दारात रांग लागली असती.

पहिलीच पँट मशीनवर घेतली आणि अर्ध्या टिपेत खालचा दोरा संपला. ज्याने कधी मशीन चालवलं नाही त्याला हे कळायचं नाही. मशीनला दोन दोरे लागतात. वरचा रिळावरून येतो, सारखा डोळ्यांसमोर असतो. खालचा बॉबिनवर गुंडाळलेला, मशीनच्या पोटात. तो संपला तरी मशीन थांबत नाही. सुई खालीवर होतच राहते, पाय चालतच राहतात, आणि उचलून बघावं तर कापडाला नुसती भोकं.

ड्रॉवर उघडला. आत भरलेल्या बॉबिनी रांगेने लावलेल्या. पांढऱ्या, काळ्या, करड्या, निळ्या. हे खातं पहिल्यापासून हिचं. मी लग्न झाल्यापासून एकही बॉबिन भरलेली नाही. म्हणजे आजारपणातसुद्धा अंथरुणातून उठून हे करून ठेवलं असणार. मला काही आवरेना. मशीनवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडलो.

तेवढ्यात थोरली चहा घेऊन आली. थोरली म्हणजे आमची मुलगी. एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं काम करते. लग्न केलं नाही, वेगळी खोली घेऊन राहायची. आईच्या आजारपणात इथे आली ती राहिलीच. तिला म्हटलं, "बघ, तुझ्या आईने भरलेल्या आहेत. या संपल्या की तिचा हात माझ्या कामातून गेला." ती ड्रॉवरकडे बघत उभी राहिली, मग चहा ठेवून कामावर निघून गेली. आईसाठी या मुलीने माझ्यासमोर एक टिपूस काढलेलं नाही. सगळ्यांची हाडं बघून बघून मन कोरडं झालं असावं.

आज त्याने केलेलं: हिच्या हातून एवढ्या बॉबिनी भरून घेतल्या. हे लिहायला माझी हरकत नाही.

१६ जानेवारी

त्याने केलेलं: बाहेरच्या पायरीची फळी हलत होती, ती बसली. आपोआप.

२ फेब्रुवारी

बरेच दिवस लिहिलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं, की मीच रुसलो होतो, कोण जाणे.

पण एक गोष्ट नोंदवायलाच हवी. ड्रॉवरमधल्या बॉबिनी कमी होत नाहीत. मी रोज काम करतोय, दोरा संपतोय, रिकामी बॉबिन पायाशी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकतोय, आणि ड्रॉवर उघडावा तर लागेल तो रंग हजर. हिने भरल्या तरी किती असतील?

फरक एवढाच की पहिल्या काही घट्ट भरलेल्या होत्या, आता लागतायत त्या सैल आहेत. टीप मध्येच ढिली पडते, मला दोरा ताणून घ्यावा लागतो. शेवटी शेवटी हिच्या हातात जोर राहिला नव्हता. त्यात मशीनच्या बॉबिन भरायच्या चाकाचं रबर तुटलेलं, म्हणजे बिचारीने हाताने गुंडाळल्या असणार. सैल टीप आली की मी चिडत नाही. मशीन थांबवतो आणि थोडा वेळ तसाच बसतो.

समोरच्या चष्मेवाल्याला सांगितलं. हा माझा जुना मित्र, कशावरही विश्वास नाही, स्वतःच्या चष्म्याच्या नंबरावरसुद्धा नाही. म्हणाला, "अरे, तुझं काम कमी झालंय म्हणून दोरा पुरतोय." त्याला म्हटलं, काम कमी नाही, वाढलंय! या आठवड्यात पांढऱ्या कोटांचा नुसता पाऊस. एक डॉक्टरीणबाई आली, तिच्या मागून दोघी तिघी आल्या, सगळ्यांच्या बाह्या लांब. मंदीच्या दिवसांत हे कोण पाठवतं? चष्मेवाला हसला आणि म्हणाला, "कुणीतरी पाठवत असेल बुवा." त्याला कबूल करायला जड जातं.

आज त्याने केलेलं: बॉबिनी आणि कोट.

९ फेब्रुवारी, रविवार

धाकट्याचा फोन आला! परदेशातून दर रविवारी करतो, न चुकता. आज चांगला वेळ बोलला. तिकडे खूप थंडी आहे, नवी गाडी घेतली, "बाबा, तब्येत सांभाळा" म्हणाला. दोनदा म्हणाला. एवढ्या लांबून आठवण ठेवतो. मायाळू पोर आहे, आईवर गेलाय.

थोरलीची मात्र गंमत आहे. हल्ली रोज जेवण झालं की माझ्याकडे पाठ करून टेबलापाशी बसते, दिवा ओढून. काय करतेस विचारलं तर "काही नाही, कामाचं आहे." सकाळी डोळे सुजलेले. आणि कपड्यांना हे रंगीत दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. आज म्हटलं, "शिंप्याची मुलगी शोभतेस खरी, पण जरा झटकून जात जा, लोक हसतील." ती हसली. म्हणाली, "हसू द्या."

त्याने केलेलं: धाकट्याचा फोन.

१३ फेब्रुवारी

सकाळी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि लक्षात आलं की कितीतरी दिवसांत मी तो पुसलेलाच नाही. तरी काच कशी लख्ख! पूर्वी खडूच्या धुळीने सुईचं भोक दिसायचं नाही. चष्मेवाल्याला दाखवला. म्हणाला, "आता देवाकडून चष्माही पुसून घेतोस? मग माझं दुकान बंदच करतो."

हसायला काय जातं याचं. पण मी खरं सांगतो, मला आता रोज एक सोडून दोन गोष्टी दिसतात. इस्त्रीची वायर चिकटपट्टी लावून नीट झालेली. खडूला टोक आलेलं. खोकल्याचं औषध संपलं म्हणावं तर कपाटात नवी बाटली. हिचं बरोबर होतं. मी चाळीस वर्षं पांघरूण ओढून बसलो.

२४ फेब्रुवारी

आज हे मनातलं लिहितो, इथे कोण वाचणार आहे. कधी कधी वाटतं, तो हे सगळं लाजेने करतोय. एवढी मोठी गोष्ट नेली, आता भरपाई म्हणून दोरा देतोय. शिवताना कापड कमी पडलं तर आम्हीही असंच करतो, आतून जोड देतो आणि वरून छान इस्त्री फिरवतो. मग वाटतं, देत असेल तसं. देतोय ना? उपाशीपोटी मरू देत नाही, एकटं पडू देत नाही.

संध्याकाळी शाळेच्या बाई स्कर्ट न्यायला आल्या होत्या. त्यांना बॉबिनींची सगळी गोष्ट सांगितली. थोरली तिथेच इस्त्री करत उभी होती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "काका, असा विश्वास हवा." मी म्हटलं, "विश्वास कसला, पुरावा आहे!" आणि ड्रॉवर उघडून दाखवला. गच्च भरलेला.

थोरली म्हणाली, "हो का बाबा?" एवढंच. तिच्यापाशी श्रद्धा म्हणून नाही. एक्स-रेमध्ये दिसत नाही ते तिच्या लेखी नाहीच.

६ मार्च

मोठी बातमी. थोरलीला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात बोलावलंय. एक्स-रे विभागाची प्रमुख. बसने चार तासांचा रस्ता. महिन्याच्या आत कळवायचंय.

दुकान बंद करत होतो तेव्हा तिने विषय काढला. स्टुलावर बसून माझा टेप बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत.

"मी काय करू बाबा?"

"काय करू म्हणजे? चांगलं आहे ना?"

"चांगलं आहे. पण तुमचं काय?"

"माझं काय व्हायचंय?"

"म्हणजे मी नसले तर चालेल तुम्हाला?"

इथे मला फार चांगलं सुचलं. पूर्वीचा मी असतो तर रडकुंडीला आलो असतो, थांब म्हणालो असतो, पोरीच्या पायात पाय घातला असता. पण मी शांतपणे म्हटलं, "खुशाल जा. माझी काळजी तू करू नकोस. माझं बघणारा वर बसलाय. विश्वास नसेल तर तो ड्रॉवर बघ."

तिने खरंच ड्रॉवरकडे बघितलं. बराच वेळ बघत होती. मग टेप सरळ करून खुंटीला लावला आणि म्हणाली, "बरं."

मला वाटलं होतं तिचा जीव भांड्यात पडेल. तर जेवलीसुद्धा नाही धड. नव्या कामाची धास्ती असणार.

आज त्याने केलेलं: मला हे बोलायचं बळ दिलं. ही असती तर पाठ थोपटली असती.

१४ मार्च

थोरलीने मशीनच्या चाकाला नवं रबर आणून बसवलं. म्हणाली, "बाबा, आता यावर बॉबिन पटकन भरते. एकदा बघून घेता का?"

मी म्हटलं, "ते खातं तुझ्या आईचं होतं. मला शिकवू नकोस. आणि गरजही नाही."

"नाही, पण समजा संपल्या तर..."

"संपत नाहीत म्हणून तर सांगतोय तुला इतके दिवस!"

तिने चाक एकदा हाताने फिरवलं. मग म्हणाली, "बाबा, एक सांगू?" तेवढ्यात ते कंबरवाले गृहस्थ आले, पँट पुन्हा सैल करायला. त्यांचं माप म्हणजे एका माणसाचं काम नाही. त्या गडबडीत राहून गेलं. नंतर विचारलं, काय सांगणार होतीस? म्हणाली, "काही नाही, औषधाची बाटली वरच्या कप्प्यात ठेवलीय."

१९ मार्च

तिचा करडा कोट मशीनशेजारी खुर्चीवर ठेवून गेलीय. अस्तर खालून उसवलंय. म्हणाली, "जायच्या आधी झालं तर बघा." होईल. आधी बाहेरची कामं हातावेगळी करतो. घरचं काय, केव्हाही होतं.

२३ मार्च

थोरली गेली. बस सकाळची होती. कोट मागायला आली तेव्हा आठवलं. मी हातातली टीप सोडून उठायला लागलो तर म्हणाली, "राहू द्या बाबा, पिन लावते." अस्तराला पिन लावून गेली. शिंप्याची मुलगी.

दारातून मागे वळून तिने दुकानाकडे एकदा नजर फिरवली. मशीन, इस्त्री, ड्रॉवर, मी. काहीतरी विसरलं असावं असं वाटलं. म्हटलं, "सगळं घेतलंस ना?" म्हणाली, "हो, सगळं घेतलं."

आज त्याने केलेलं: बस वेळेवर आली.

३० मार्च

धाकट्याचा फोन. तब्येत सांभाळा म्हणाला. बाकी काही नाही.

४ एप्रिल

आठवडाभर लिहिण्यासारखं एकही घडलं नाही. चष्मा धुरकट. पुसला तर आणखी माखला. खडू बोथट. पांढरे कोट यायचे बंद झाले. अरे बाबा, सुट्टीवर गेलास का?

११ एप्रिल

पांढऱ्या बॉबिनी संपल्या. निळ्या संपल्या. काळीची एक होती, ती आज एका बाईच्या जॅकेटात मध्येच संपली. मला समजलंच नाही. मी आपला मशीन चालवतोय, पाय चालतायत, सुई चालतेय, आणि शेवटाला येऊन उचललं तर सगळी बाही भोकाभोकांची.

मी त्याला फार वाईट बोललो. हिच्या फोटोसमोर उभा राहून बोललो. तू दिलंस कशाला, काढूनच घ्यायचं होतं तर? आधी माणूस नेलंस, आता दोरासुद्धा! ओरडून घसा बसला. बाहेर कुणीतरी थांबून ऐकत होतं, त्याची लाजही वाटली नाही.

मग रागाने पायाशी ठेवलेल्या डब्याला लाथ मारली. झाकण उडालं आणि रिकाम्या बॉबिनी खोलीभर घरंगळल्या. टेबलाखाली, इस्त्रीखाली, दाराशी.

त्या वेचायला खाली बसलो. डबा काठोकाठ भरला. आणि मी तो हातात धरून तसाच जमिनीवर बसून राहिलो.

हा डबा आजवर कधी भरला नव्हता. जानेवारीपासून मी यात रोज रिकामी बॉबिन टाकतोय. जानेवारीत, फेब्रुवारीत, मार्चात. तो तेव्हाच भरायला हवा होता. टाकलेल्या रिकाम्या जात कुठे होत्या?

आज याहून जास्त लिहवत नाही.

१२ एप्रिल

सकाळी एक रिकामी बॉबिन घेतली, पांढरं रीळ घेतलं आणि हाताने भरायला बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. चाकाचं नवं रबर शेजारी तयार होतं, पण मला हातानेच भरून बघायची होती. दोरा बोटांना कापतो. हे मला माहीत नव्हतं. भरून झाली, मशीनमध्ये बसवली आणि एका चिंधीवर टीप मारली.

टीप ढिली पडली. जिच्यासाठी मी मशीन थांबवून बसायचो, हुबेहूब तीच.

म्हणजे त्या सैल बॉबिनी हिच्या नव्हत्या. ज्या घट्ट होत्या तेवढ्याच हिच्या. त्या जानेवारीतच संपल्या आणि मला कळलंही नाही. सैल टीप आली की मी हिची आठवण काढत बसायचो, आणि जिने भरल्या ती आत माझा स्वयंपाक करत असायची.

समोर जाऊन चष्मेवाल्याला विचारलं, "तुला माहीत होतं?" त्याने काउंटरवरून मान वर केली. "म्हणजे तुला खरंच माहीत नव्हतं? मला वाटलं, तू गंमत करतोस. शेजारच्या दुकानातून रिळं न्यायची ती. काच पुसायचं फडकं माझ्याकडूनच नेलं. आणि ते पांढरे कोटवाले, अरे, ते तिच्याच हॉस्पिटलातले ना?" मग माझ्याकडे बघून त्याचा सूर बदलला. "जाऊ दे रे. म्हणजे देव नव्हता, पोरगी होती, एवढंच."

मी त्याच्यावर भडकलो. म्हटलं, "दोघं होते. मी एकालाही ओळखलं नाही." त्याने चष्मा मागून घेतला, पुसून दिला.

१३ एप्रिल, रविवार

धाकट्याचा फोन यायच्या आधी मीच थोरलीला फोन लावला.

"बाबा? काय झालं? बरं नाही का?"

"बॉबिन भरली."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हाताने भरली," मी म्हटलं. "सैल झाली."

"दोरा ताणून धरावा लागतो," ती हळूच म्हणाली. "मलाही नव्हतं जमत."

"मशीनवर का नाही भरल्यास? रबर तर आणता आलं असतं."

"मशीनचा आवाज आला असता ना."

"पण सांगितलं का नाहीस मला?"

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, या संपल्या की आईचा हात गेला. मग मी ड्रॉवर रिकामा कसा होऊ देणार? आणि पुढे तुम्ही देवाचं नाव घ्यायला लागलात. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं, असू दे. चांगलंच आहे. एकदा सांगणार होते. मग नाही सांगितलं."

मी विचारलं, "तुला जायचं होतं ना?"

"नाही."

हे ती इतकं सरळ म्हणाली की मी खुर्चीत बसलो.

"नव्हतं जायचं मला. म्हणून तर विचारलं होतं तुम्हाला."

"मग ये परत. उद्या ये."

"आता नाही बाबा. इथे शब्द दिलाय, खोली घेतलीय. आणि..."

"आणि काय?"

"इथे मला विचारतात लोक. जेवलीस का, दमलीस का. साधंच. पण बरं वाटतं."

मला ते कधी विचारावंसं वाटलं होतं का, हे आठवायचा मी प्रयत्न केला. मग फक्त म्हटलं, "कोटाचं अस्तर?"

"पिनेवरच आहे अजून," ती म्हणाली, आणि हसली. मला त्या हसण्याचं फार लागलं.

१५ एप्रिल

सगळी वही पहिल्यापासून वाचली. पायरीची फळी आपोआप बसली म्हणे. आपोआप! मन कोरडं म्हटलं, श्रद्धा नाही म्हटलं, तिच्या कपड्यांवरचे दोरे मी स्वतः बघितले आणि वर तिलाच झटकायला सांगितले. त्याच पानावर धाकट्याचं कौतुक. धाकट्याची चूक नाही, तो जमतं तेवढं करतो. चूक कोणाची हे मला माहीत आहे.

त्याचं काही कमी पडलं नव्हतं, हे आता कळतंय. मी सारखा वर बघून आभार मानत राहिलो, आणि तो माझ्यासमोर स्टुलावर बसून टेप बोटाला गुंडाळत विचारत होता, मी नसले तर चालेल का. मी त्याच्याच नावाने तिला घालवलं. हिला मी हे कसं सांगू? "लहान बघा," म्हणाली होती. मी गोष्टी बघितल्या. त्या करणारं माणूस बघायला हवं होतं.

ड्रॉवरमध्ये आता एकच बॉबिन उरलीय, करड्या दोऱ्याची. कोपऱ्यात मागे गेली होती. वापरलेली नाही.

२० एप्रिल, रविवार

सकाळच्या बसने थोरलीकडे गेलो. खिशात सुई, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान आणि करडी बॉबिन.

तिची खोली लहान आहे, पण उजेडाची. एका खिडकीत बसलो आणि म्हटलं, "कोट आण." ती म्हणाली, "अहो बाबा, आधी चहा तरी घ्या." मी म्हटलं, "आधी कोट."

पिन काढली. पिनेचा गंज अस्तराला लागला होता, तेवढा भाग आत दुमडला. तिनेच भरलेला दोरा सुईत घेतला आणि हाताने बारीक टाके घालत गेलो. ती समोर बसून नव्या हॉस्पिटलचं सांगत होती. कुणी घाबरट पेशंट आहे, एक्स-रे काढायची वेळ आली की तिचा हात सोडत नाही. मी मध्ये मध्ये विचारत होतो. दमतेस का? जेवतेस का वेळेवर? पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती बोलता बोलता थांबलीच. मग म्हणाली, "जेवते." तिच्या पहिल्या बोटाला दोऱ्याचा बारीक व्रण आहे. तो मी बघितला. तिने हात मागे घेतला नाही.

टाके संपले तेव्हा बॉबिनवरही दोरा उरला नव्हता. रिकामी बॉबिन खिशात टाकली. तिला परत चल म्हणालो नाही. आता तो हक्क नाही माझा. तिनेही राहा म्हटलं नाही. चहा झाला, परतीच्या बसची वेळ झाली.

दारात ती म्हणाली, "बाबा, थांबा. किती घाण झालाय हा." माझ्या नाकावरून चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने एक काच पुसली, उजेडाला धरली, तोंडाची वाफ देऊन दुसरी पुसली, आणि परत माझ्या डोळ्यांवर बसवला. एका कानामागे, मग दुसऱ्या.

बसमध्ये सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं की मला घरापर्यंत खिडकीबाहेर बघवलं नाही.

आज त्याने केलेलं: माझा चष्मा पुसला. ते पुसणारे हात मी आज पहिल्यांदा पाहिले.